गेटवेचा दर कमी करून देतो म्हणतात, पण त्यासाठी एवढी माहिती द्यायची का?

दुपटी_गोधडी | १२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी भांडुपला राहते. गेली सहा वर्षं घरून बाळंतविडा करून विकते. झबली, टोपरी, दुपटी, लंगोट आणि जुन्या मऊ सुती साड्यांच्या गोधड्या. आधी ओळखीपाळखीत, मग इन्स्टाग्रामवर, आणि तीन वर्षांपूर्वी स्वतःची छोटी वेबसाइट केली. आमच्याच चाळीतल्या दोघीजणी माझ्याबरोबर शिवतात. पुण्या-बंगळुरूला पार्सलं जायला लागली तेव्हा जीएसटी नंबरही घ्यावा लागला.

महिन्याला साधारण तीन लाखांची विक्री होते. त्यातले दोन लाख यूपीआयने येतात, बाकी कार्ड आणि नेटबँकिंग. पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकांचे ऑनलाइन पैसे माझ्या खात्यात पोचवणारी कंपनी, सगळ्यावर सरसकट २ टक्के कापते, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला ७,०८० रुपये. एवढ्यात माझे मलमलचे दोन-अडीच तागे येतात, म्हणून तो आकडा दर महिन्याला टोचतो.

गेल्या आठवड्यात कंपनीच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, तुमचा धंदा चांगला चाललाय, दर १.७५ करून देतो, थोडी कागदपत्रं व्हॉट्सॲपवर टाका." मी खूश झाले आणि आधार-पॅनचे फोटो लगेच पाठवून दिले. मग पुढची यादी आली. करंट अकाउंटचं वर्षभराचं स्टेटमेंट, माझ्या सेव्हिंग खात्याचंही, दोन वर्षांचे रिटर्न, गुमास्ता परवाना, लाइट बिल, घर यजमानांच्या नावावर आहे म्हणून त्यांचं पॅन, आणि वर्षभराच्या सगळ्या ऑर्डरींची एक्सेल फाइल, "पूर्ण, ग्राहकांच्या डिटेल्ससकट". फाइल काढता येत नसेल तर वेबसाइटच्या ॲडमिनचा पासवर्ड द्या, आम्ही काढून घेतो, असंही म्हणाला.

मी अजून पुढचं काही दिलेलं नाही. यजमान म्हणतात, देऊन टाक, एवढं काय लपवायचंय आपल्याकडे. लपवायचं काही नाही हे खरं. तरी हात पुढे होत नाहीये. इथे बरेच जण ऑनलाइन विकतात. तुम्ही काय काय दिलंत? नाही म्हटलं तर खातं बंद करतात का?

गिरगावकर | १२ जानेवारी, रात्री ११:०५

ताई, सगळ्यात आधी व्हॉट्सॲपवर पाठवणं थांबवा. तो नंबर कंपनीचा आहे की त्या मुलाचा स्वतःचा? माणूस उद्या नोकरी सोडून गेला की तुमचं आधार त्याच्या फोनच्या गॅलरीत राहणार. द्यायचंच असेल ते कंपनीच्या डॅशबोर्डवर लॉगिन करून, अपलोडची जागा असते तिथेच द्या.

खडा_मसाला | १२ जानेवारी, रात्री ११:३२

मी लालबागहून मसाले विकते. २०२३ मध्ये मी हे सगळं दिलं होतं, फाइलसकट. दर कमी झाला, आजही तोच चालू आहे. काही वाईट झालं नाही. छोट्या माणसाला दर कमी करून कोण देतं हो? संधी आली आहे तर घ्या. कंपनी नोंदणीकृत आहे, चोर थोडीच आहे.

वही_खाते | १३ जानेवारी, सकाळी ८:१५

मी मुलुंडला सीएची प्रॅक्टिस करतो. ऑनलाइन विकणारे वीस-बावीस जण माझ्याकडे आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला दर दोन महिन्यांनी येतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. ७,०८० मधले १,०८० जीएसटीचे. तुम्ही नियमित जीएसटी भरता, म्हणजे ते इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतात. मिळत नसतील तर तुमच्या हिशेबनीसाला आजच विचारा. खरा खर्च ६,०००. दर १.७५ झाला तर ५,२५०. म्हणजे महिन्याला ७५० रुपयांसाठी, वर्षाला ९,००० रुपयांसाठी, तुम्ही स्वतःचं आणि ग्राहकांचं सगळं घर उघडून दाखवणार आहात. हा आकडा डोळ्यासमोर ठेवून मग ठरवा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमचे दोन लाख यूपीआयचे आहेत. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे विक्रेत्याकडून घेतलं जाणारं बँकेचं शुल्क, शून्य आहे. गेटवे कंपन्या वर आपलं तांत्रिक सेवेचं शुल्क लावतात, त्याला प्लॅटफॉर्म फी म्हणतात, आणि ते किती असावं हे वाटाघाटीचं असतं. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे. वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्याहून जास्त असेल तर ०.९० टक्के, आणि एका व्यवहारामागे अनुक्रमे २०० आणि १,००० रुपयांच्या वर नाही. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, खरा खर्च तिथे आहे. तुम्हाला सगळ्यावर सरसकट २ टक्के लावून स्वस्त व्यवहारांवरही महाग भाव घेतला जातोय. तेव्हा "माझा दर कमी करा" असं मागू नका. "यूपीआय, डेबिट, क्रेडिट आणि नेटबँकिंगचे दर वेगवेगळे लिहून द्या" असं मागा. यूपीआयचा दर नुसता अर्ध्यावर आला तरी महिन्याला २,००० वाचतात. आणि त्यासाठी सेव्हिंग खात्याचं स्टेटमेंट कशाला लागेल?

तिसरं. दर ठरवायला कंपनीला काय कळायला हवं? महिन्याची उलाढाल किती, सरासरी एक व्यवहार किती रुपयांचा, परतावे किती, चार्जबॅक (ग्राहकाने बँकेमार्फत परत मागितलेले पैसे) किती. हे सगळं त्यांच्याच यंत्रणेतून गेलंय. तुमच्यापेक्षा त्यांच्याकडे ते जास्त अचूक आहे. जे त्यांना दिसत नाही ते फक्त बाहेरचं, म्हणजे प्रदर्शनात विकलेलं, दुसऱ्या साइटवर विकलेलं. ते दाखवायचं असेल तर जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं रिटर्न द्या. महिन्याची एकूण बेरीज असते, एकाही ग्राहकाचं नाव नसतं. किंवा सीएकडून उलाढालीचा दाखला घ्या. त्यावर यूडीआयएन हा १८ अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक असतो, तो ऑनलाइन तपासता येतो, त्यामुळे दाखल्यावर शंका घ्यायला जागा राहत नाही.

केवायसी ही वेगळी गोष्ट. रिझर्व्ह बँकेने पेमेंट ॲग्रिगेटरना, म्हणजे तुमच्या गेटवेसारख्या कंपन्यांना, विक्रेत्याची ओळख आणि धंद्याची पडताळणी करणं बंधनकारक केलंय. २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली, सप्टेंबर २०२५ मध्ये नवे एकत्रित निर्देश आले. त्यामुळे पॅन, बँक खातं, पत्ता हे त्यांनी विचारलं तर तक्रार करू नका. पण ते खातं उघडताना झालंय. पुन्हा हवं असेल तर का, हे त्यांनी सांगायला हवं.

दुपटी_गोधडी | १३ जानेवारी, सकाळी ९:५०

दादा, खूप खूप धन्यवाद. इनपुट क्रेडिटचं आत्ता बघितलं, मिळतंय. दर वेगवेगळे मागता येतात हे मला माहीतच नव्हतं. तीन वर्षं तशीच भरत आले.

चामडं_आणि_दोरा | १३ जानेवारी, दुपारी १:२०

धारावीत आमचं बॅगांचं काम आहे. मी एका कंपनीला याच कारणासाठी स्टेटमेंट दिलं होतं. तेव्हा घर आणि धंदा एकाच खात्यात होतं. आठवड्याभरात कर्जाचे फोन सुरू झाले. पहिले दोन-तीन मी सोडून दिले, सगळ्यांनाच येतात म्हणून. मग एक बाई म्हणाली, "सर, सध्या हॉस्पिटलचा खर्च चालू आहे ना, आमच्याकडे मेडिकलसाठी वेगळं लोन आहे."

माझ्या वडिलांचं डायलिसिस तेव्हा चालू होतं. आठवड्यातून दोनदा त्याच हॉस्पिटलला पैसे जायचे, ते स्टेटमेंटमध्ये ओळीने दिसत होतं. आमच्या गल्लीतही फार कुणाला माहीत नव्हतं. त्या कंपनीतूनच माहिती बाहेर गेली असं मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून नाव घेत नाही. पण त्या महिन्यात स्टेटमेंट मी दुसऱ्या कुणालाच दिलं नव्हतं.

स्टेटमेंट म्हणजे नुसते आकडे नसतात, ताई. कोणत्या डॉक्टरकडे जाता, मुलाची फी कधी थकली, भावाला किती पाठवता, सगळं त्यात असतं. त्यानंतर मी पहिलं काम केलं ते करंट अकाउंट उघडण्याचं. धंद्याचे पैसे तिथेच येतात, तिथूनच जातात. घराचं खातं कुणालाही दाखवत नाही.

टिकली_मालाड | १३ जानेवारी, दुपारी १:४५

वाचून वाईट वाटलं दादा. वडील आता कसे आहेत?

चामडं_आणि_दोरा | १३ जानेवारी, दुपारी २:१०

गेल्या वर्षी गेले. विचारलंत, बरं वाटलं.

पडताळणी_टेबल | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

दुसरी बाजू मांडतो. पेमेंटच्या क्षेत्रात विक्रेत्यांची जोखीम तपासण्याच्या कामात मी आठ वर्षं काढली. आता ते काम करत नाही.

कंपनी उगाच खोदत नसते. ग्राहकाने आज पैसे भरले, माल वीस दिवसांनी जाणार, आणि मधेच विक्रेता दुकान गुंडाळून गेला, तर ग्राहक बँकेकडे चार्जबॅक मागतो आणि ते पैसे गेटवेला भरावे लागतात. दुपटी_गोधडी ताई, तुमचा माल ऑर्डरनंतर शिवला जातो, हो ना? म्हणजे तुम्ही त्यांच्या हिशेबात 'आगाऊ पैसे घेणाऱ्या' वर्गात येता. शिवाय दुसऱ्याच्या नावावर खाती उघडून फसवणुकीचे पैसे फिरवणारे आम्ही रोज बघायचो. नाव साड्यांचं, आत जुगार. तेव्हा "एवढी कागदपत्रं का" याला कारण आहे.

पण माझ्या आठ वर्षांत दर कमी करायला ग्राहकांची फोन नंबरांसकट यादी मागितलेली मी पाहिली नाही. शंका आली तर आम्ही पाच-दहा ऑर्डरींची बिलं आणि कुरिअरच्या पावत्या मागायचो, माल खरंच जातो का हे बघायला. त्यावर नाव-नंबर खोडलेला असला तरी चालायचं, कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर दिसला की झालं. पूर्ण यादी मागणारा माणूस एकतर आपलं काम सोपं करतोय, किंवा ती यादी त्याला वेगळ्याच कामाला हवी आहे. आणि पासवर्ड मागणं तर कोणत्याही कंपनीच्या नियमात बसत नाही. त्याच्या वरिष्ठांना हे लेखी कळवा.

खातं बंद करतात का, असं विचारलंत. केवायसीचं मागितलेलं दिलं नाही तर सेटलमेंट, म्हणजे तुमच्या खात्यात पैसे जमा करणं, थांबवू शकतात. दर कमी करण्याच्या अर्जाला अर्धवट माहिती दिली तर फार तर अर्ज नाकारतील, जुना दर चालू राहील. या दोन मागण्या एकाच मेसेजमध्ये मिसळलेल्या असतात, म्हणून माणूस घाबरून सगळं देतो. त्यांना ईमेलवर सरळ विचारा, यातलं केवायसीसाठी कोणतं आणि दरासाठी कोणतं.

खडा_मसाला | १३ जानेवारी, रात्री ९:०२

सगळ्यांचं वाचलं. पण ग्राहकांच्या यादीत असं असतं काय? नाव, नंबर, पत्ता, अर्धा किलो मालवणी मसाला. कुणी किती मसाला खाल्ला हे कळून कुणाचं काय बिघडणार? खरंच विचारतेय, वाद घालायचा म्हणून नाही.

दुपटी_गोधडी | १३ जानेवारी, रात्री ११:४८

मसाला ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि मी ती फाइल काढून बघितली. खरं तर पहिल्यांदाच पूर्ण बघितली. रोज एकेक ऑर्डर बघते, पण वर्षभराच्या एकत्र कधी बघितल्या नव्हत्या. स्वयंपाकघर आवरून ओट्याशेजारीच लॅपटॉप घेऊन बसले होते.

माझ्याकडे ऑर्डर देणारी बहुतेक बाई गरोदर असते, किंवा तिची आई, सासू, बहीण असते. वेबसाइटवर शेवटी एक रकाना आहे, "काही सांगायचं असल्यास". मी तो शिवणीसाठी ठेवला होता, रंग कोणता, नाव भरायचं का वगैरे. बायकांनी त्यात काय काय लिहिलंय. "आठवा लागलाय, ऑफिसात अजून सांगितलं नाही, पार्सलवर बाळाचं काही लिहू नका." "तिसऱ्या खेपेला राहिलंय, सासरी कळू द्यायचं नाही, माहेरच्या पत्त्यावर पाठवा." एकीने लिहिलंय, "दत्तक घेतोय, बाळ सात महिन्यांचं आहे, झबली मोठी लागतील." तारीख आहे, पत्ता आहे, फोन नंबर आहे. कुणाला कितवा महिना आहे ते एक्सेलमध्ये क्रमाने लावता येईल.

आणि खाली जुलैमधली एक ऑर्डर आहे. पूर्ण संच होता, गोधडीवर नाव भरायचं होतं. ती रद्द झाली. त्या रकान्यात नंतर लिहिलंय, "आता नको. कृपया फोन करू नका." मला ती बाई आठवते. पैसे परत केले तेव्हा मी मेसेजही नुसता पोचपावतीचा पाठवला होता, दुसरं काय लिहावं कळलं नव्हतं.

ही ओळ मी दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ? तिचा नंबर बाळाच्या दुधाच्या पावडरी विकणाऱ्याकडे गेला आणि त्याने तिला "अभिनंदन" म्हणून फोन केला तर?

यजमानांना उठवून दाखवलं. ते बराच वेळ वाचत होते. म्हणाले, नको देऊस.

टिकली_मालाड | १४ जानेवारी, सकाळी ७:१०

नका देऊ ताई.

गिरगावकर | १४ जानेवारी, सकाळी ७:४०

+१. रात्री वाचलं, झोप लागेना.

खडा_मसाला | १४ जानेवारी, सकाळी ८:२५

ताई, माझ्या मनात हे आलंच नव्हतं. मसाल्यापलीकडे मी बघितलंच नाही.

जिरा_लोकल | १४ जानेवारी, सकाळी १०:३०

मी सॉफ्टवेअरवाला आहे, वेबसाइटी सांभाळतो. तातडीने करायची कामं सांगतो, बाकी चर्चा चालू राहू द्या.

त्या शेवटच्या रकान्यातला मजकूर माल पोचल्यावर तुम्हाला लागत नाही. परताव्याची मुदत संपली की तो पुसायची सोय करून घ्या. जे तुमच्याकडेच नाही ते कुणी मागून नेऊ शकत नाही. बिलं मात्र ठेवावी लागतात, ती वेगळी राहू द्या.

ॲडमिनचा पासवर्ड कुणालाही नाही. कधी कुणाला आकडे दाखवायचेच झाले तर बहुतेक दुकानांच्या यंत्रणेत 'फक्त अहवाल' बघता येईल असं वेगळं लॉगिन करता येतं. त्यात ग्राहकांचा भाग बंद ठेवता येतो. काम झालं की ते लॉगिन काढून टाका.

एक्सेल पाठवायचीच असेल तर रकाने लपवू नका, डिलीट करा. लपवलेला रकाना समोरचा एका क्लिकवर उघडतो. ऑर्डर क्रमांक, तारीख, रक्कम, पैसे कशाने भरले, पाठवल्याची तारीख, एवढंच नव्या फाइलमध्ये चिकटवून घ्या. आणि आधारचा फोटो कुठेही देऊ नका. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्याच, साइटवरून मास्क्ड आधार काढता येतं, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. बायोमेट्रिक लॉकही लावून ठेवा. तुमचा जुना फोटो त्या मुलाकडे गेलाय, म्हणून हे आजच करा.

कलम_कागद | १४ जानेवारी, दुपारी ३:१५

वकील म्हणून थोडं. ओळखीच्या कागदासाठी आधारच हवं असा हट्ट धरता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र हेही अधिकृत कागद म्हणून मान्य आहेत.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. या कायद्याच्या कलम ६ मध्ये एक उदाहरणच दिलेलं आहे. एक बाई फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणारं ॲप घेते. ॲप तिच्या उपचारासाठी माहिती मागतं आणि सोबत तिच्या फोनमधली संपर्कयादीही मागतं. ती दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, संपर्कयादी उपचाराला लागत नाही, म्हणून तिची संमती त्या यादीला लागू होत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. दर ठरवायला जे लागत नाही, त्याला संमती मागायची नसते.

दुसरी गोष्ट दुपटी ताईंना आपोआप कळली आहे, ती कायद्याच्या भाषेत सांगतो. ग्राहकांची माहिती गोळा करून कशासाठी वापरायची हे तुम्ही ठरवता, म्हणून त्या माहितीची जबाबदारी तुमच्यावर आहे. ग्राहकाने ती पार्सल पोचवायला दिली. तुमच्या दराची वाटाघाटी हे तिचं प्रयोजन नाही. उद्या ती बाई "माझा नंबर कुणाला दिलात" असं विचारेल तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, गेटवेच्या माणसाला नाही.

टिकली_मालाड | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

जरा विषयाला सोडून, पण विचारूनच घेते. माझं इमिटेशन ज्वेलरीचं काम आहे, घरूनच. कागदपत्रं जपून देते, पण माझा घरचा पत्ता जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की कुणालाही दिसतो. दोन वर्षांपूर्वी एक माणूस कानातल्यांचा जोड बदलून हवा म्हणून थेट दारात आला होता. मी आणि मुलगी दोघीच घरात होतो. तो भांडला नाही, काही नाही, पण तो गेल्यावर मी दाराला कडी लावून बराच वेळ तशीच उभी होते. यावर काही करता येतं का?

वही_खाते | १४ जानेवारी, रात्री ८:०५

टिकली ताई, पत्ता पूर्ण लपवता येत नाही. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वेबसाइटवरही नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि ते ग्राहकाच्या बाजूने योग्यच आहे. पण तो पत्ता घराचाच हवा असं नाही. माझ्या एका अशीलाने भावाच्या गाळ्यातलं एक टेबल रीतसर संमतीपत्र घेऊन वापरायला घेतलं, जीएसटीत मुख्य जागा बदलून घेतली, परतीची पार्सलंही तिथेच येतात. गुमास्त्याची नोंदही त्याच पत्त्यावर करून घ्या, नाहीतर दोन कागदांवर दोन पत्ते दिसतात आणि पडताळणीत अडकायला होतं.

आणि एक. जीएसटी नंबरातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचं पॅन. म्हणजे प्रत्येक बिलावर पॅन छापलेलंच असतं. त्यामुळे पॅनचा नुसता नंबर दिला म्हणून घाबरू नका. पॅनकार्डाची सहीसकट स्वच्छ प्रत मात्र वेगळी गोष्ट, ती जपा. प्रत द्यायचीच असेल तर तीवर आडवं लिहा, अमुक कंपनीला, अमुक कामासाठी, तारीख.

दुपटी_गोधडी | १५ जानेवारी, रात्री १०:१५

मजकूर लिहिलाय, पाठवण्याआधी बघून सांगा. त्या मुलाला न पाठवता कंपनीच्या साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल दिलाय तिथे पाठवतेय.

"माझ्या खात्यावरील यूपीआय, डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड व नेटबँकिंगचे दर सध्या सरसकट २ टक्के आहेत. ते प्रकारानुसार वेगळे करून कळवावेत. माझी उलाढाल, परतावे व चार्जबॅक आपल्या डॅशबोर्डवर उपलब्ध आहेत. बाहेरील विक्रीसाठी सहा महिन्यांचे जीएसटीआर-३बी जोडत आहे. आपल्या प्रतिनिधीने मागितलेल्या कागदपत्रांपैकी केवायसीसाठी कोणती व दरासाठी कोणती आवश्यक आहेत, हे लेखी कळवावे. ग्राहकांची वैयक्तिक माहिती मी देणार नाही, कारण त्यांनी ती मला पार्सलसाठी दिली आहे. माझ्या पतीचा या व्यवसायाशी संबंध नाही, त्यामुळे त्यांचे पॅनही देणार नाही. प्रतिनिधीने वेबसाइटचा पासवर्ड मागितला होता, त्याची नोंद घ्यावी. दिनांक ६ रोजी व्हॉट्सॲपवर पाठवलेले आधार व पॅनचे फोटो त्यांच्या फोनमधून काढून टाकल्याचे कळवावे."

पडताळणी_टेबल | १५ जानेवारी, रात्री १०:४०

उत्तम. एक वाक्य वाढवा. "माल ऑर्डरनंतर किती दिवसांत पाठवते" ते स्वतःहून सांगा आणि पाच कुरिअर पावत्या नाव-नंबर खोडून जोडा. त्यांची खरी काळजी तीच आहे, ती आधीच मिटवली की बाकीचं मागायला कारण उरत नाही.

दुपटी_गोधडी | २७ जानेवारी, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. सगळ्यांना कळवायचं होतं.

पाच दिवसांनी कंपनीच्या दुसऱ्या बाईंचा फोन आला, शांतपणे बोलल्या. केवायसीचं काहीच बाकी नव्हतं. दरासाठी त्यांनी करंट अकाउंटचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मात्र सोडलं नाही. त्यात फक्त कापडवाला, कुरिअर आणि दोघींची मजुरी आहे, ते मी डॅशबोर्डवरून दिलं. ग्राहकांची फाइल, सेव्हिंग खातं, यजमानांचं पॅन, यातलं काही पुन्हा मागितलं नाही. यूपीआय आता अर्धा टक्का, बाकी सगळ्यावर १.९. गेल्या आठवड्यापासून लागू झालंय. जीएसटी सोडून महिन्याला ६,००० ऐवजी २,९०० जातील.

फोटोंचं उत्तर अजून आलेलं नाही. त्या मुलाने मेसेज वाचलाय, निळ्या खुणा दिसतात, पण लिहिलं काही नाही. अधिकाऱ्यांना परत ईमेल केलाय. आधारचं लॉक लावलंय.

जिरा दादांनी सांगितल्याप्रमाणे तो शेवटचा रकाना जुन्या सगळ्या ऑर्डरींमधून काढून टाकला. वेबसाइटवर त्याचं नाव बदलून "शिवणीबद्दल सूचना" केलंय, आणि खाली लिहिलंय की पार्सल पोचल्यावर हा मजकूर पुसला जाईल. जुलैची ती ओळ सगळ्यात शेवटी काढली.

कलम_कागद | २७ जानेवारी, रात्री ९:५५

फोटोंबद्दल एक सांगतो. कंपनीच्या गोपनीयता धोरणात तक्रारीची मुदत दिलेली असेल, ती बघा आणि तिचा उल्लेख करून पुढचा ईमेल करा. आधीचे दोन्ही ईमेल त्याच साखळीत ठेवा. आणि तुमच्या नावाने कुठे काही उघडल्याचं लक्षात आलं तर थांबू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

खडा_मसाला | २८ जानेवारी, सकाळी ८:४०

ताई, तुमचा मजकूर घेऊन मीही काल कंपनीला ईमेल केला. २०२३ मध्ये मी दिलेली यादी अजून त्यांच्याकडे आहे का आणि कुणाकुणाला दिली, एवढंच विचारलंय. १,९०० नंबर होते त्यात. काय उत्तर येतं ते इथेच लिहीन. दर वेगळे मागायचं वाक्यही घालायचं राहिलं, ते जरा परत पाठवाल का?

दुपटी_गोधडी | २८ जानेवारी, सकाळी ९:०५

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय ताई. पूर्ण मजकूर आहे, नाव तेवढं बदला.